फियाटची पोथी

२०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं पन्नाशी ओलांडलेल्या मोटारींसाठी वेगळे नियम काढले आणि न्हावऱ्यात दाजींच्या गोठ्याला लागून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी भंगारातून उठून वारशाच्या रांगेत जाऊन बसली. तोवर तिचा ताबा कोंबड्यांकडं होता. मागची सीट त्यांची, पुढची दाजींची. घरात पाहुणे फार झाले की दाजी गाडीत जाऊन काच वर करून झोपायचे. अक्का दर उन्हाळ्यात भंगारवाल्याला बोलवायची. तो यायचा, टायरला पाय लावून बघायचा आणि गेल्या सालापेक्षा कमी भाव सांगून जायचा.

नियम असे. मूळ रूपातली, पन्नास वर्षं पुरी केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्यानं नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची.

"मग आपल्याला काय अडचण न्हाई," दाजी म्हणाले. "आजवर ती दुरुस्तीबिगर रस्त्यावर आलीय कवा?"

गाडी १९७४ची. आधीचं 'प्रेसिडेंट' हे नाव टाकून तिचं पद्मिनी असं बारसं झालं ते हेच साल. त्यामुळं २०२४ला पन्नाशी भरली. पण 'मूळ रूप' ह्या दोन शब्दांत सगळी मेख होती. दाजींच्या पद्मिनीला पन्नास वर्षांत इतक्या मिस्त्र्यांचे हात लागलेत, की तिच्यात मारुतीचा हॉर्न, ट्रॅक्टरची बॅटरी आणि कोणाच्या तरी एम-एटीचा इंडिकेटर गुण्यागोविंदानं नांदतात. माहेरचं काय आणि सासरी येऊन चिकटलेलं काय, हे ठरवायचं तर गाडीबरोबर आलेली पुस्तकं पाहिजेत. पुस्तकं नव्हती.

मोटारीच्या पुस्तकांत जाती असतात. एक मालकासाठी, त्यात पाणी कुठं ओतायचं ते चित्रासकट दिलेलं असतं. एक वर्कशॉपसाठी, कुठला नट किती आवळायचा ते सांगणारं. एक सुट्या भागांची यादी, जिच्यात अख्खी गाडी सुतळी बॉम्ब लावल्यागत हवेत उधळलेली काढतात आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देतात. आणि ज्यांना कोणी पुस्तक म्हणत नाही अशी ती पत्रकं, कंपनीनं डीलरांना वेळोवेळी पाठवलेली: अमुक चासी नंबरापासून पुढं बुश बदललाय, जुना वापरू नये. माझ्या मते खरं शहाणपण ह्या पत्रकांत. मॅन्युअल म्हणजे गाडी विकण्याआधी कंपनीला काय वाटलं होतं ते. पत्रक म्हणजे विकल्यावर काय कळलं ते.

भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, "मामा, नेटवर काय नाही ते सांगा." आणि संध्याकाळपर्यंत त्यानं आम्हाला नेटवर काय काय नाही ते दाखवलं.

पहिल्या दुव्यावर टिचकी मारली तर ऑनलाइन रमीची जाहिरात निघाली. तिथं पूर्वी कोणाचं तरी फियाटचं पान होतं. तो गृहस्थ गेला असावा आणि वर्षाच्या वर्षाला पत्त्याचे पैसे भरावे लागतात हे घरच्यांना ठाऊक नसावं. सातबाऱ्यावर वारस लावायला भाऊबंद कुठून कुठून धावत येतात. डोमेनवर वारस लावायला अजून कोणी तलाठ्याकडं गेल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दुव्यावर गिअरबॉक्स उघडण्याची साद्यंत कृती होती, पण चित्रांच्या जागी करडे चौकोन. ही कथा जगातल्या सगळ्या जुन्या गाडीवाल्यांना पाठ आहे. फोटोबकेट नावाची कंपनी लोकांचे फोटो फुकट सांभाळायची. तिच्या भरवशावर देशोदेशीच्या छंदिष्टांनी हात काळे करून, मध्येच थांबून फोटो काढून, पायरी-पायरीची पानं रचली. २०१७च्या जूनअखेर कंपनीनं नियम बदलला. फोटो दुसऱ्या कुठल्या पानावर दिसायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर मोजा. एवढ्या पैशात आमच्याकडं अख्खी पद्मिनी येते, कोंबड्यांसकट. झाकले गेले सगळे गिअरबॉक्स. मजकूर तेवढा राहिला: 'चित्रात बाणानं दाखवलेला स्क्रू आधी काढा.' चित्र नाही, बाण नाही. स्क्रू आहे, गाडीत कुठंतरी.

त्याही आधीची पानं जिओसिटीजबरोबर २००९ला गेली, ऑर्कुटवरची २०१४ला, याहू ग्रुप्समधली २०२०ला. प्यू रिसर्च सेंटर नावाच्या अमेरिकी संस्थेनं २०२४मध्ये हिशेब मांडला, की २०१३ साली नेटवर असलेल्या पानांतली ३८ टक्के दहा वर्षांत नाहीशी झालीत. दहा पावसाळे गळणाऱ्या दप्तरखान्यातसुद्धा वाळवीला एवढं जमत नसेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हनं १९९६पासून अशी पानं टिपून ठेवलीत. त्यांचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे, आणि त्या माणसांना माझा नमस्कार. पण त्यांचा टिपणारा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात राहतो. पासवर्डाच्या दाराआड तो शिरत नाही आणि शोधायच्या चौकटीत काही टाइप करून बघत नाही. भाच्यानं तिथून कोण्या इटालियन बाबाचं पान वर काढलं. पान शाबूत, पानावरची पीडीएफ गायब. लग्नाची पत्रिका जपलीय, पंगत उठून गेलीय.

आता हे एवढं हरवतंच का, ह्याचं मूळ पाहायला कुर्ल्याला जावं लागतं, आणि तो विषय निघाला की दाजी थांबत नाहीत. वालचंद हिराचंदांनी १९४४ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या. पुढं १९५१ला फियाट ५०० आली, १९५४ला फियाट ११००, जिला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि १९६४ला ११००डी. हीच पुढं पद्मिनी झाली आणि २००० सालाच्या सुमारास थांबली. १९९०च्या दशकात त्याच प्रीमियरनं कल्याणला फ्रेंच पूजोचाही संसार थोडे दिवस करून पाहिला. तिकडं खुद्द फियाट आणि क्रायस्लर एकत्र आल्या त्या २०१४ला, आणि २०२१ला पूजोच्या घराशी सोयरीक होऊन सगळ्यांचं मिळून नाव पडलं स्टेलांटिस. जगाला जे जमायला २०२१ उजाडावं लागलं, ते सेंट्रल रेल्वेच्या कुर्ला-कल्याण पट्ट्यात आधीच होऊन गेलं होतं, ह्याची कोणी दखल घेत नाही असं दाजींना मनापासून वाटतं.

पण प्रत्येक सोयरिकीत एक होतं. नवी सून आली की आधी माळा आवरते. कंपनीचं नाव बदललं की वेबसाइट नवी होते, आणि जुन्या गाडीची पीडीएफ नवी माणसं कशाला ठेवतील? त्यांना ती विकायची नसते. हा दुष्टपणा नव्हे, नुसती झाडलोट आहे. हक्क मात्र कोणाचे तरी असतातच. ज्यांचे असतात त्यांना ते आपल्याकडं आहेत हे आठवत नसतं, आणि जो छापून वाटायला जातो त्याला ते नेमके आठवतात.

न्हावऱ्याहून रांजणगाव जवळच. तिथं फियाटच्या नावाचा मोठा कारखाना उभा आहे. फियाटच्या स्वतःच्या गाड्या इथं विकायच्या २०१९ला थांबल्या. आता तिथून जीप कंपास बाहेर पडते. दाजींच्या मनात तिथं गेटवर जायचं होतं. "तुमच्या आजीचं पुस्तक हरवलंय म्हणून सांगू," ते म्हणाले. भाच्यानं त्यांना हात धरून बसवलं. म्हणाला, गेटवरचा पोरगा माझ्यापेक्षा लहान आहे, त्याला आजी म्हणजे पुंटो वाटेल.

ह्यात दाजींच्या जखमेवर मीठ चोळलं ते शिरूरकडच्या एका बागायतदारानं. त्याच्याकडं लढाईतली विलीज जीप आहे, पद्मिनीपेक्षा तीस वर्षांनी थोरली. तिचं पुस्तक त्याला जेवता जेवता मोबाइलवर मिळालं. अमेरिकन लष्करानं १९४४ला काढलेलं टीएम ९-८०३ हे ते पुस्तक. तिथं सरकारी लिखाणावर कॉपीराइट नसतो, त्यामुळं ज्याला वाटेल तो छापतो, ज्याला वाटेल तो स्कॅन करून टाकतो, आणि ते नेटवर ठिकठिकाणी पडलेलं आहे. एक जागा बुडाली तर दुसरी आहे. नॉर्मंडीला उतरलेल्या जीपचं सगळं माहीत आहे, आणि परवा-परवापर्यंत दादर स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीचं नाही. मला वाटतं लष्कराला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मिस्त्री मरणार आहे. म्हणून त्यांनी सगळं लिहून काढलं. आपल्याकडं सगळ्यांचा समज, की मिस्त्री अमर आहे.

समज अगदीच चुकीचा नाही. चौफुल्याच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत, तरुणपणी मुंबईच्या गॅरेजात शिकलेले. इंजिन १०८९ सीसीचं, हे ते कुलदैवताच्या नावासारखं सांगतात. फायरिंग ऑर्डर 'एक-तीन-चार-दोन' ते झोपेतही म्हणतात, असं त्यांची मंडळी सांगतात. त्यांच्याकडं फिलर गेज नाही. पॉइंटचा गॅप विचारला तर म्हणाले, "सोपं हाय नाना. चारमिनारच्या पाकिटाचं झाकण फाडायचं, मधी घालायचं. अडकलं पायजे, पर फाटाय नको."

"मग करा की."

"आता कुठनं आणू? माळ घातली न्हवं का मी."

मिस्त्री वारकरी झाले आणि फियाटचा गॅप गेला. त्यांच्या पोरानं दुसऱ्या कुठल्या पाकिटाचं झाकण आणलं. मिस्त्रींनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि पुठ्ठ्याची जात आता पहिल्यासारखी राहिली नाही म्हणून परत दिलं.

दरम्यान भाच्याला ११००डीचं एक इटालियन पुस्तक पुरतं सापडलं. मोबाइलमधल्या भाषांतरानं कार्बोरेटरच्या जागी काही ठिकाणी 'स्वयंपाकी' छापलं, तरी पुष्कळ कळलं. अडचण निराळीच होती. कुर्ल्याची गाडी मिलानच्या रस्त्यावर राहिलीच नव्हती. पन्नास-शंभर किलोंचा फरक पडेल एवढी माणसं आपण तिच्यात कोंबली. सुटे भाग इथल्या कारखान्यांतून घेतले, दिवे बदलले, गिअरचा दांडा तेवढा स्टिअरिंगवर राहिला. पुस्तकात लाल म्हणून दाखवलेली वायर दाजींच्या गाडीत हिरवी निघाली आणि हिरवी होती तिथं सुतळी. परदेशातल्या लोकांनी आपापल्या फियाटची पुस्तकं जपली. आपल्या फियाटची आपणच जपायची होती. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेनं रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांतून लोक किती हळहळले! जो तो आपली पहिली टॅक्सी आठवून लिहीत होता. पार्टबुक कोणाकडं आहे का, असं एकानंही विचारलं नाही.

मग दिवाळीची साफसफाई आली. अक्कानं मसाल्याच्या फळीवरचे डबे खाली काढले, आणि फळीवर अंथरलेला मोठा, जाड, गुळगुळीत कागद झटकायला घेतला. उलटा अंथरलेला होता. सुलट केला तर त्यावर हळदीच्या डागांतून रेघाच रेघा. दाजी ओरडले, तेव्हा घरात साप निघाला असं समजून शेजारचे काठ्या घेऊन आले. तो वायरिंगचा नकाशा होता.

मग उलगडा झाला. पुस्तकं कधी हरवलीच नव्हती. अक्काच्या सासूबाईंनी ती चांगला कागद म्हणून कामाला लावली होती. सुट्या भागांची यादी फळ्यांवर. वर्कशॉपची पानं ट्रंकेच्या तळाला आणि पैठणीच्या घडीघडीत. मालकाचं पुस्तक दाण्यांच्या कोठीला टेकू. धुरानं कसर लागली नाही, हळदीनं किडे आले नाहीत. नेटवर मोलाचं म्हणून ठेवलेलं गेलं, आणि कवडीमोल म्हणून अंथरलेलं राहिलं.

"मला इचारायचं हुतं की," अक्का म्हणाली. "चाळीस वर्सं ह्या घरात ऱ्हाते मी. तुमी आपलं गुगलला इचारत बसलात." वर तिनं बजावलं, की काय फोटोबिटो काढायचे ते काढा आणि कागद जागच्या जागी आणून द्या, डबे जमिनीवर आहेत.

आम्ही ती पानं घेऊन तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराचा हात आधार कार्डावर बसलेला. त्यानं नकाशा उलगडून पाहिला, मागचा मसाल्याचा डाग पाहिला आणि विचारलं, "पुढची-मागची बाजू एकाच पानावर घेऊ?" आम्ही नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, "सरकारी साइटवर टाकायचंय ना? मग २०० केबीत बसवून देतो." आणि आम्ही काही बोलायच्या आत बसवून दिलं. सगळ्या वायरी वितळून एक झाल्या. दाजींनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आता मातुर हुबेहूब आपल्या गाडीवानी दिसाया लागलं."

शेवटी भाच्यानं रांजणगावच्या कोणा मित्राच्या ऑफिसातला मोठा स्कॅनर मिळवला आणि एकेक पान ६०० डीपीआयवर घेतलं. मोठ्या फायली व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून टाकायच्या नाहीत, हे त्यानं दाजींना शपथ घालून सांगितलं. तिथं फोटो आवळला जातो. दाजींनी शपथ पाळली नाही. त्यांनी नकाशा फोटो म्हणून पाठवला, तो पुढं गेला, पुढचा आणखी पुढं गेला, आणि महिनाभरानं वसईच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्याकडून तो 'दुर्मिळ ठेवा, जपून ठेवा' अशा मजकुराखाली दाजींनाच परत आला. तोवर त्यात हळदीचा डाग तेवढा ओळखू येत होता.

पण त्या फिरतीचा एक फायदा झाला. कुठून कुठून माणसं आपली पानं दाखवायला लागली. वसईकडून अर्धं पुस्तक, नाशिककडून पत्रकं, आणि सगळ्यांच्या समासात बॉलपेननं दुरुस्त्या. 'येथे चूक आहे.' 'हे करू नये, मी केले.' एकाच नटाच्या आवळणीला तीन आकडे, तिन्हींखाली रेघ. दाजी आता शुद्ध प्रत करायला बसलेत. नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ला, पैठणात ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि आपली ओवी कोणी मध्ये घुसडू नये अशी ताकीद देऊन ठेवली. फियाटच्या पोथीत प्रत्येक मिस्त्रीनं आपली ओवी घातलीय, आणि गंमत अशी की गाडी मूळ संहितेवर चालत नाही, ओव्यांवरच चालते. एका पानाच्या कडेला कोणी लिहिलंय, 'न झाल्यास हातोडी.' हे ठेवायचं की गाळायचं, ह्यावर दाजींचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. मी ठेवायच्या बाजूचा आहे.

प्रती वाटायचं ठरलं. एक मिस्त्रींना दिली, ती त्यांनी कपाटात घालून किल्ली करदोट्याला बांधली. एक भाच्याच्या पेन ड्राइव्हवर, कीर्तनांच्या फोल्डरात. एक बागायतदाराला, जीपवाल्यानं पद्मिनी सांभाळावी म्हणून. एक इंटरनेट अर्काइव्हवर चढवायची आहे. तिथं खातं कोणाच्या नावानं उघडायचं ह्यावर भावकीत चर्चा चालू आहे.

एवढं करून वर्कशॉपच्या पुस्तकातलं एक पान कमी भरलं, ब्रेकचं. ते कोल्हापूरच्या एकाकडं निघालं. तो पान द्यायला राजी आहे, पण त्याला बदल्यात पद्मिनीचं काच खालीवर करायचं अस्सल हँडल पाहिजे, डाव्या दाराचं. दाजींनी फोनवर बरीच घासाघीस केली, पद्मिनीचा अस्सल माल आता मिळतो कुठं, वगैरे सुनावलं, आणि जड अंतःकरणानं होकार दिला.

मला वाईट वाटलं. म्हटलं, "दाजी, अस्सल हँडल देताय?"

"कशाचं अस्सल, पाव्हणं! मारुतीचं हाय ते. पर वळखायला त्याला पार्टबुक लागंल," दाजी म्हणाले, "आन त्याची प्रत तेवढी मी अजून कुणाला दिली न्हाई."